पडल्या पडल्या पायडल

एमआरआयच्या खोलीत जाताना खिशातलं सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं. किल्ल्या, नाणी, घड्याळ, कमरेचा पट्टा, सगळं. किस्से मात्र बाहेर ठेवता येत नाहीत. उलट आत गेल्यावरच खिशात पडत राहतात! आणि एकदा चारचौघांत एक बाहेर काढला, की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. माझी बायको म्हणते, "यांना कोथिंबीर आणायला पाठवलं तरी किस्सा घेऊन येतात."

मी मूळचा भोरचा. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात एमआरआयचा टेक्निशियन होतो. मोबाईल नुकते हातात आले होते आणि वेल्ह्याकडं वळलं की रेंज जायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या दीक्षित मॅडम हृदयाच्या डॉक्टर. हुशार, कडक, आणि एका कल्पनेनं झपाटलेल्या.

"चव्हाण, आपण माणसाला आडवं निजवतो आणि त्याच्या हृदयाची चित्रं काढतो. हे म्हणजे गोठ्यात बसलेल्या बैलाची ताकद मोजण्यासारखं आहे! बैल औताला जुंपल्यावर बघायला हवा."

म्हणजे करायचं काय, तर माणसाला मशीनच्या बोगद्यात निजवायचं, पाय बाहेर, आणि पायांना पायडल. पडल्या पडल्या त्यानं पायडल मारायचं. हृदय चांगलं धडधडायला लागलं की मी माईकवरून ‘थांबा, श्वास रोखा’ म्हणायचं आणि ते शांत व्हायच्या आत भराभर चित्रं घ्यायची. एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं आणि बोजा वाढवला की किती जास्त टाकतं, ते त्या चित्रांवरून मोजायचं.

हृदयं कुणाची? तर ज्यांचा जन्म चढ-उतारात गेला असे भोर-वेल्ह्याचे लोक, आणि ज्यांचा जन्म खुर्चीत गेला असे पुण्याचे. दोघांची तुलना. खुर्चीवाले हॉस्पिटलातच भरपूर होते. डोंगरावरचे आणायचं काम माझ्याकडं आलं.

"तुम्ही तिकडचेच ना!" मॅडम म्हणाल्या. झालं. त्या वाक्यावर माझी नेमणूक!

*

पहिली सभा वेल्ह्याच्या पलीकडं एका वाडीत, देवळासमोर. मॅडमनी सगळं सोप्या भाषेत समजावलं. सुई नाही, कापाकापी नाही, फक्त एक मोठं चुंबक. लोक माना डोलवत होते. मॅडम खूश. तेवढ्यात शाळेचे गुरुजी उठले.

"मॅडम, रक्तात लोह असतं ना?"

"हो, असतं."

"आणि तुमचं मशीन लोखंड ओढतं?"

"ओढतं, पण..."

तो ‘पण’ कुणी ऐकलाच नाही! बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक आजोबा हळूच उठून चपला शोधायला लागले. मॅडम सांगतायत, रक्तातलं लोह वेगळं असतं, ते असं खिळ्यासारखं ओढलं जात नाही, तर मागून कुणी तरी म्हणालं, "म्हंजी समदं रगात चुंबकाला चिकाटनार, आन् मानूस कोरडा भायेर!"

मला वाटलं, संपलं. जीप रिकामीच परत न्यायची. तर पुढं बसलेल्या हौसाबाई उठल्या. ठसठशीत कुंकू, आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गुरं वळावीत.

"गप बसा की गं! दर म्हैन्याला ती नर्सबाई काय सांगती? तुमच्या रगतात लोखंड न्हाई, लोखंड न्हाई. लाल गोळ्या घ्या म्हनून डोसकं खाती. आता जे न्हाईच त्ये ह्यांचं चुंबक काय वढनार, कपाळ?"

सभेत एकदम उजेड पडला. मॅडमच्या विज्ञानानं जे झालं नाही ते झालं. बाया पटापट नावं सांगायला लागल्या आणि चपला शोधणारे आजोबासुद्धा परत येऊन बसले.

पुण्यात तपासलं तर हौसाबाईंच्या रक्तात लोह भरपूर निघालं. ते आम्ही त्यांना मशीनमधून बाहेर आल्यावरच सांगितलं!

*

पायडलचीही एक गोष्टच आहे. परदेशी पायडलची किंमत ऐकून हॉस्पिटलनं कानावर हात ठेवले. मग मी मॅडमना आमच्या भोरला सलीमभाईंकडं घेऊन गेलो. गेट, ग्रिल, नांगराचे फाळ, उसाच्या चरकाचं चाक, जे म्हणाल ते करून देणारा माणूस. आमच्या वडिलांपासूनची ओळख.

मॅडमनी सांगितलं, "पायडल हवंय. भक्कम. पण लोखंडाचा कणसुद्धा नको. चुंबक फार मोठं आहे, खेचून घेईल."

सलीमभाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या दुकानाकडं. दुकानात लोखंडाशिवाय फक्त एक कॅलेंडर आणि एक मांजर होतं.

"बाई, भात करा म्हणताय, आणि वर सांगताय तांदूळ घालू नका!"

पण माणूस इरेला पेटला. सागवानी फळ्या, पितळी बोल्ट, नायलॉनचे बुश, वजनाला वाळूच्या पिशव्या. जुन्या स्पीकरचं चुंबक काढून घेतलं आणि प्रत्येक भागाला लावून बघायला लागले. तेवढ्यानं भागेना, तर येणाऱ्याजाणाऱ्यालाही लावून बघायला लागले. बायकोनं जेवणाचा डबा पाठवला तर डब्याला चुंबक!

शेवटी पायडल तयार झालं. देखणं. सलीमभाई इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून ते स्वतः बसवायला पुण्याला आले. आत जाण्याआधी प्रत्येकाला विचारतो ते प्रश्न मी त्यांनाही विचारले. छातीत पेसमेकर? नाही. अंगात कुठं सळी, स्क्रू? नाही.

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

सलीमभाई मोठ्यांदा हसले. "कधी? अरे, रोजच जातो! वेल्डिंग-ग्राइंडरचं काम आहे बाबा. बायको पदराच्या टोकानं काढते."

मॅडमचा चेहरा बदलला. डोळ्यात कण राहिला असला आणि चुंबकानं तो हलवला, तर डोळा जायचा. लगेच एक्स-रे काढला. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरा ठिपका होता. जुना, कधीचा तरी, मुकाट बसलेला.

त्यांना आत सोडता येईना. काचेपलीकडून ते हातवारे करत राहिले आणि आत मी बोल्ट पिळत राहिलो. "डावीकडं! अरे डावीकडं! तुझ्या बापालाही स्क्रू पिळता येत नव्हता!"

पहिल्यांदा पायडल फिरलं तेव्हा सलीमभाई काचेला नाक लावून उभे होते.

त्या अख्ख्या पायडलमध्ये लोखंडाचा एक कण नव्हता. जो होता, तो सलीमभाईंच्या डोळ्यात!

*

स्कॅनच्या दिवशी सकाळपासून चहा घ्यायचा नाही, असा नियम होता. चहानं हृदयाची गती बदलते. वाडीत हा नियम सांगितला तेव्हा जेवढा गोंधळ झाला तेवढा चुंबकाच्या वेळीही झाला नव्हता. पण लोकांनी शब्द दिला, आणि डोंगरातला माणूस शब्द मोडत नाही.

एकदा जीप शिवऱ्याजवळ हायवेला पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक काढेपर्यंत उन्हात कशाला थांबायचं, म्हणून सगळे तिथल्याच एका पाहुण्याच्या घरी गेले. असा पाहुणा प्रत्येक गावात असतोच.

पुण्याला पोचले. पहिल्या माणसाला निजवलं, तर पायडलला पाय लागायच्या आधीच हृदय दौडतंय. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचंही तसंच! मॅडमनी तारा बदलल्या, छातीवरच्या पट्ट्या बदलल्या, माझ्यावर ओरडून झालं. मग त्यांना शंका आली.

"खरं सांगा. चहा घेतला ना?"

"न्हाई बगा, मॅडम. गळ्याची आन!"

"एक घोटसुद्धा नाही?"

"थेंब न्हाई. पावनी चा टाकीत हुती, आमीच आडवलं. म्हनलं, मॅडमनी न्हाई म्हनून सांगितलंया."

"मग?"

"मग बिचारीनं काफी केली. दोन-दोन कप. कडक!"

*

आंबवड्याचे दत्तोबा भोर डेपोचे रिटायर कंडक्टर. आयुष्यभर गर्दीत उभं राहून तिकिटं फाडली, त्यामुळं बंद जागेची भीती नाही. मी मनात म्हटलं, आज तरी काम सुरळीत होणार.

मशीनमध्ये जाणाऱ्याच्या हातात आम्ही एक रबरी फुगा देतो. छातीत दुखलं, गुदमरलं, भीती वाटली, तर दाबायचा. दाबला की बाहेर घंटा वाजते आणि आम्ही सगळं सोडून आत धावतो. विशेषतः पायडल मारताना. धडधडत्या हृदयाचा मामला आहे, कुणालाही काही होऊ शकतं. मॅडम त्या घंटेला फार घाबरायच्या.

दत्तोबांना हे सगळं नीट समजावलं. त्यांनी फुगा हातात घेऊन बघितला आणि ओळखीचं माणूस भेटावं तसे हसले.

पायडल सुरू झालं. रंगात आलं. मी माईकवर म्हणालो, "थांबा. श्वास रोखा." चित्रं सुरू होणार, तोच घंटा! एकच, खणखणीत.

मॅडम खुर्चीतून उडाल्या. आम्ही दोघं आत पळालो. "दत्तोबा, काय होतंय? छातीत दुखतंय?"

"छ्या! तुमी थांबा म्हनला. म्हनून एक दिली."

त्यांना पुन्हा समजावलं. हो म्हणाले. मी बाहेर आलो, खुर्चीत टेकतोय तोवर घंटा. ट्रिंग ट्रिंग! परत पळालो.

"आता काय?"

"दोन दिल्या की! सोडा गाडी!"

तिसऱ्यांदा समजावलं तेव्हा मॅडमचा आवाज चढला होता. दत्तोबा गंभीर झाले. म्हणाले, चुकलं, सवय हो, हात आपोआप जातो. पुढचा सगळा वेळ घंटा वाजली नाही. काम उत्तम झालं, चित्रं सुंदर आली. शेवटचं चित्र घेतलं आणि मी माईकवरून सांगितलं, "झालं, दत्तोबा. संपलं."

आणि लांबलचक घंटा वाजली. थांबेचना! मॅडम मला ढकलून आत गेल्या.

दत्तोबा हातात फुगा दाबून शांत पडले होते.

"डेपो आला न्हवं? आतले झोपल्याले उठाया नगं व्हय!"

*

पायडल मारताना माणूस किती दमलाय ते त्यालाच विचारायचं असतं. एक ते दहा. एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जाईल. जगभर हीच पद्धत आहे म्हणे.

पुण्याचा नमुना आमच्याच हॉस्पिटलातला अकाउंट्सचा क्लार्क. मी त्याचे पाय पायडलला बांधत होतो तेव्हाच म्हणाला, "नऊ."

"अहो, अजून सुरू नाही केलं!"

"तरी पण नऊ."

आणि डोंगरातला नमुना भिवातात्या गायकवाड. वेल्ह्याकडचे शेतकरी, सडसडीत, आल्या आल्या कडक ‘जय भीम’ घालणारे. त्यांना मॅडम विचारायच्या, "तात्या, किती दमलात?" की उत्तर एकच. "काय न्हाई." बोजा वाढवला, काय न्हाई. अजून वाढवला, घामानं चादर भिजली, स्क्रीनवर हृदय नगाऱ्यासारखं वाजतंय, आणि तात्या म्हणतायत, "काय न्हाई, बरं हाय."

डोंगरातल्या माणसाला ‘दमलो’ हा शब्दच येत नाही. तो ‘वाईच टेकतो’ म्हणतो, आणि पडल्या पडल्या टेकणार कुठं?

मॅडमनी डोकं लढवलं. आकडे रद्द! वेल्ह्याहून तोरण्याला चढायची वाट सगळ्यांच्या पायाखालची. मग पायथा, अर्धी वाट, बिनी दरवाजा, माथा, असं माप ठरलं. तोरणा चढताना जेवढा दम लागतो त्यावरून सांगायचं, आपण कुठवर आलो. मला ती कल्पना अजूनही फार हुशार वाटते.

पुढच्या वेळी तात्यांना पुन्हा निजवलं. पायडल सुरू.

"तात्या, कुठवर आलात?"

"पायथ्याला."

बोजा वाढवला. थोड्या वेळानं, "आता?"

"आर्ध्या वाटंला."

मॅडम खुलल्या. मला म्हणाल्या, बघा, माणसाला त्याच्या भाषेत विचारायला हवं! बोजा अजून वाढवला. हृदय तुफान. घाम निथळतोय.

"आता कुठं, तात्या?"

"पायथ्याला."

"परत पायथ्याला? तात्या, खरं सांगा हो! इतका घाम आलाय."

"खोटं कशाला बोलू? मगाशीच माथ्यावर गेलो, तुमी इचारलं न्हाई. वाईच वारा खाल्ला, खाली उतारलो. आता ही दुसरी खेप!"

*

मशीनमध्ये जाताना अंगावर दागिना चालत नाही. हौसाबाईंची पाळी आली तेव्हा मंगळसूत्रावरून गाडं अडलं. ज्या बाईनं सबंध वाडी आणली, तीच दारात उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "काढून आमच्या कपाटात ठेवा. कुलूप आहे, किल्ली तुमच्याकडे."

"कपाटात? माझं लगीन काय कपाटासंगं लागलंया?"

त्यांचे मालक नामदेवभाऊ बाजूलाच बाकावर बसले होते. गरीब माणूस. बायकोपुढं बोलायची वेळ आयुष्यात फार आली नव्हती. म्हणाले, "मग काय करतीस? माझ्याकडं दे की."

"खिशात ठिवायचं न्हाई. पिशवीत ठिवायचं न्हाई."

"मग कुठं?"

हौसाबाईंनी मंगळसूत्र काढलं आणि भरल्या कॉरिडॉरमध्ये नवऱ्याच्या गळ्यात घातलं! आणि मागं न बघता आत गेल्या.

त्या दिवशी नेमकी गर्दी होती. नामदेवभाऊ पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि त्यावर काळी पोत असे बसलेले. येणारा-जाणारा वळून बघतोय. त्यांनी उपरण्यानं झाकायचा प्रयत्न केला, तर उपरणं सारखं घसरतंय. एका वॉर्डबॉयनं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, हे पेशंट कशाचे?"

स्कॅनला वेळ लागला. हौसाबाई घामेजून, लाल होऊन बाहेर आल्या. आल्या आल्या हात पुढं केला, "द्या."

नामदेवभाऊंनी पोत काढली आणि मानेवरून हात फिरवत म्हणाले, "लई टोचतंय गं ह्ये."

हौसाबाईंनी पोत गळ्यात घातली, सरळ केली.

"व्हय? मला वाटलं, मलाच टोचतंय."

*

आता शेवटचा, आणि मग उठू.

बबनमामा आणि सुंदरामामी. दोघंही तोरण्याच्या पलीकडच्या अंगाला एका वस्तीवरचे. प्रयोगासाठी आल्या होत्या सुंदरामामी. मामा नुसते सोबतीला. कारण मामांचं हृदय कमजोर! पंचक्रोशीला माहीत होतं. तरुणपणी आठवडे बाजारात बसणाऱ्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं होतं, हृदय नाजूक आहे, जड काम बंद, चढ बंद, पिणं बंद. नाहीतर जागच्या जागी जाल. तो डॉक्टर बिचारा कधीच वारला. मामा मात्र टिकून होते.

तेव्हापासून मामांनी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. डावा हात कायम छातीवर. भातलावणी, झोडणी, गुरं, गवताचे भारे, डोक्यावरून लाकडं, सगळं मामी करायच्या. मामा बांधावर बसून सांगायचे, "सावकाश, सावकाश." ते मामींसाठी असायचं की स्वतःच्या हृदयासाठी, कळायचं नाही.

मॅडमना दया आली. "मामा, आलाच आहात तर तुमचंही बघू. हलक्या बोज्यावर. त्रास वाटला की लगेच थांबवू."

मामा तयार नव्हते. मामी म्हणाल्या, "बगू द्या की. एवढं मोठं मशीन हाय." मग काय करतात?

आम्ही फार जपून निजवलं. औषधं हाताशी, मॅडम स्वतः माईकवर. आधी निवांत पडलेल्या हृदयाची चित्रं घेतली. उत्तम! मॅडम म्हणाल्या, आरामात सगळ्यांचंच बरं दिसतं, खरं कळतं ते काम करताना. पायडल सुरू केलं. हलका बोजा. उत्तम. थोडा वाढवला. उत्तमच. मॅडम स्क्रीनकडं वाकल्या. अजून वाढवला. ते हृदय असं आवळत होतं आणि असं फुलत होतं, की तालमीतल्या पोराचं वाटावं. इतकी वर्षं राखून ठेवलेलं, कोरं करकरीत!

मॅडमनी मामांना आपल्या खोलीत बोलावलं. मी होतोच. चांगली बातमी द्यायला मिळाली की मॅडमचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

"मामा, अभिनंदन! तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. या सगळ्या लोकांत सगळ्यात चांगलं हृदय तुमचं आहे!"

मामांचा चेहरा पडला. माणसाला वाईट बातमी सांगितल्यावर पडतो तसाच.

"परत एकदा बगा की, मॅडम."

"बघितलं मी. दोनदा."

"मशीन जुनं आसंल."

"नवीन आहे, मामा."

बाहेरच्या बाकावर मामी बसल्या होत्या. तिकडं बघत मामा हळूच म्हणाले, "मॅडम, पाया पडतो. बायकूला सांगू नगा. भातलावनी तोंडावर आलीया."

मॅडमना हसावं की रागवावं कळेना. म्हणाल्या, "रिपोर्ट तुमचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय मी कुणालाच सांगणार नाही. पण तुम्ही स्वतः सांगा. त्या माउलीकडं बघा जरा."

मामा "बगतो" म्हणाले आणि छातीवर हात ठेवून बाहेर गेले. मॅडम मला म्हणाल्या, "चव्हाण, नियम नसता ना, तर आत्ता बाहेर जाऊन ओरडून सांगितलं असतं!"

मग मामींचं स्कॅन झालं. तेही छान आलं. मामी खोलीत आल्या, खुर्चीच्या कडेला बसल्या, स्वतःचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आन् आमच्या कारभाऱ्यांचं काय निगालं?"

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "मामी, ते मला सांगता येत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा."

मामी उठल्या. मला वाटलं निघाल्या. तर त्यांनी दार हलकेच लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"नगा सांगू. चांगलंच आसंल. ठावं हाय मला."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"त्या बाजारातल्या डाक्तरला म्याच कोंबडी दिली हुती, आसं सांगा म्हनून. चांगली अंड्यावरची. लई पेत हुते ओ. येक दिस कड्यावरनं पडून मेले असते."

मामींनी पदर सावरला.

"तेवडं त्यास्नी बोलू नगा. आता दारू सुटलीया, त्ये बरं हाय."

दार उघडून त्या बाहेर आल्या. मी मागं होतो. मामा बाकावरून सावकाश उठले. डावा हात छातीवर.

"काय म्हनली मॅडम?" मामींनी विचारलं.

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"जपा म्हनली."

"मग जपा की," मामी म्हणाल्या, आणि दोन्ही पिशव्या उचलून पुढं चालायला लागल्या.